राणी, तुफान आणि म्हातारी

यात्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्याची बंदूक सरळ असेल, तर एकतर तो माणूस वेडा समजावा, नाहीतर त्याचा धंदा नवा समजावा. माझा धंदा अडतीस वर्षांचा. मी वेडा नाही.

माझ्याकडे छर्र्याच्या तीन बंदुका आहेत आणि तिघींना नावं आहेत. राणी डावीकडे मारते. तुफान खाली मारते. म्हातारी उजवीकडे आणि वर मारते, म्हणजे थेट फळीच्या त्या कोपऱ्यात, जिथे मी मुद्दाम फुगा लावत नाही. हे गुण त्यांनी कारखान्यातून आणलेले नाहीत. ते आम्ही लावले. आम्ही म्हणजे मी आणि धुळ्याचा नासीर मिस्त्री.

बंदुकीच्या टोकावर एक बारीक पातं उभं असतं. त्याला माशी म्हणतात. डोळ्याजवळच्या खाचेतून माशी बघायची, माशीवर फुगा धरायचा आणि घोडा ओढायचा. ही माशी केसभर उजवीकडे वाकवली की छर्रा डावीकडे जातो. तिला उंच केली की छर्रा खाली जातो, घासून बुटकी केली की वर. एवढंच शास्त्र. राणीची माशी नासीरने पकडीने वाकवली. तुफानच्या माशीवर आमच्या सोनगीरच्या तांबटाकडचा पितळेचा कण डाख देऊन बसवला. म्हातारीची घासलीही आणि वाकवलीही.

आणि स्टॉलवर ओरडायचं एकच वाक्य: "बंदूक सरळ शे भाऊ, मानूस वाकडा शे!"

लोक हसतात, आणि आपण सरळ आहोत हे दाखवायला पुन्हा बंदूक उचलतात.

चार फुगे फोडले तर कंगवा, आठ फोडले तर चिनी मातीचा कप, आणि बाराच्या बारा फोडले तर लाल अस्वल. अस्वल अकरा वर्षं टांगलेलं होतं. दर दिवाळीला भिकुबाई, माझी बायको, त्याला झटकायची, पुसायची आणि उन्हात बसवायची. गल्लीतली पोरं त्याला आमच्याच घरातलं धरायची.

हे सगळं सांगायचं कारण माझी नात पुनम.

माझा मुलगा योगेंद्र आणि सूनबाई सुरतेला कापडाच्या कारखान्यात. पोरगी लहानपणापासून आमच्याकडे सोनगीरला. सहा वर्षांची झाली तेव्हा स्टॉल उघडायच्या आधी बंदुका तपासायचं काम मी तिला दिलं. आमच्याकडे रीत आहे. आधी नारळ फोडायचा, मग तिन्ही बंदुकांचे पाच-पाच छर्रे मारायचे. पहिली राणी, मग तुफान, मग म्हातारी. हा क्रम आम्ही कधी मोडला नाही. आणि बंदूक उचलताना तिचं नाव घ्यायचं. नाव घेतलं नाही तर बंदूक रुसते, असं माझा बाप म्हणायचा.

पहिल्याच दिवशी पुनमचे पंधरा छर्रे वाया गेले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "नाना, छर्रा कोठे गया?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हणणाऱ्या तोंडाचा भरवसा नाही. गिऱ्हाइकाला सांगतो तेच निघून गेलं: "बंदूक सरळ शे माय, मानूस वाकडा शे."

पोरगी रडली नाही. सरळ व्हायच्या मागे लागली. आठव्या वर्षी राणीने पाचाचे पाच फोडायला लागली, दहाव्या वर्षी तिन्हींनी. राणीला आपण उजवीकडे धरतो, तुफानला वर धरतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या मते ती अगदी मधोमध धरत होती. लहानपणी ज्याला मधोमध म्हणायला शिकवलं, तेच माणसाचं मधोमध.

गेल्या वर्षी सोनगीरच्या यात्रेत एक बाई आल्या. पांढरे बूट, छोटे केस, चालणं फौजेसारखं. त्यांनी राणी उचलली. उभं राहायची ढब बघूनच मला कळायला हवं होतं. बारा छर्र्यांत त्यांचे तीन फुगे फुटले. भोवती बायापोरांची गर्दी. मी आपलं नेहमीचं टाकलं: "बंदूक सरळ शे ताई, मानूस वाकडा शे!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एखादा छर्रा लागला असता तर परवडलं असतं.

मग गर्दी हलू नये म्हणून मी पुनमला पुढे केलं. तिने त्याच राणीने बाराच्या बारा फुगे फोडले. "घरच्यांना अस्वल नाही," असं मी लगेच जाहीर केलं. बाई जाताना पुनमचं नाव आणि कॉलेज लिहून घेऊन गेल्या.

त्या रत्ना मॅडम. आयुष्य पोलिसात काढलं, नेमबाजीची पदकं मिळवली, आणि निवृत्त झाल्यावर धुळ्यात जिनिंगच्या एका जुन्या गोदामात रायफल क्लब काढला. पुनम कॉलेज सुटलं की तिथे जायला लागली. क्लबच्या जुन्या रायफली इतक्या ढिल्या होत्या की चूक रायफलीची की माणसाची, कुणालाच सांगता येत नव्हतं. वर्ष सुखात गेलं. या चैत्रात क्लबला नवी रायफल मिळाली, आणि माझ्या पापाला वाचा फुटली.

गुरुवारी पुनम घरी आली ती न जेवता बसली. म्हणाली, "मॅडमनी तुम्हाला बोलावलंय."

भिकुबाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आते काय कयं तुम्हीन?"

"मी काय करसू? मी तर त्या गोदामात कधी गयाच नही."

दुपारी गेलो. लांब गोदाम, एका टोकाला बाकं, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला लहान लहान कार्डं. कार्डावर काळा गोल, त्यात पांढऱ्या रेघा, आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. दोरी ओढली की कार्ड सरकत हाताशी येतं. मला ती सोय फार आवडली. माझ्याकडे फुगा बदलायला फळीपर्यंत चालावं लागतं.

मॅडमनी नवी रायफल दाखवली. मागे बारीक भोक, पुढे माशीच्या जागी एक कडी. भोकातून कडी बघायची आणि कडीत काळा गोल धरायचा. मागच्या भोकाला दोन चकत्या. एक फिरवली की नेम वर-खाली होतो, दुसरी फिरवली की डावा-उजवा. चकती एक घर सरकली की खट् असा आवाज येतो.

"नवी रायफल आली की आधी झिरो करावी लागते," मॅडम म्हणाल्या. "वाळूच्या पिशवीवर टेकवायची, पाच छर्रे मारायचे. भोकं कुठे पडली ते बघायचं आणि चकत्या फिरवून ती मधे आणायची. म्हणजे डोळा जिथे, छर्रा तिथे."

आमच्या धंद्यात याला बंदूक बिघडवणं म्हणतात.

त्यांनी आपलं कार्ड दाखवलं. पाच छर्रे आणि मधोमध एकच भोक. दुसरं कार्ड नौशीनचं. नौशीन ही नासीरची मुलगी, पुनमच्याच वर्गातली. दोघींना मिळून ही एकच रायफल. तिचीही भोकं मधे. मग त्यांनी तिसरं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"हे पुनमचं. पंचवीस वर्षांत मी असं कार्ड पाहिलेलं नाही, नाना. नेम वाईट असला की भोकं विखुरतात. हिची विखुरत नाहीत. पाच इथे, पाच इथे आणि पाच इथे. पहिले पाच बघून मी चकत्या फिरवल्या की पुढचे पाच तिसरीकडेच जातात. शेवटी फिरवायचं सोडून दिलं आणि पंधरा छर्रे सलग मारायला लावले. हे बघा."

मी बघितलं. उजवीकडे एक झुबका, वर एक झुबका आणि डावीकडे खाली एक झुबका. चुलीच्या तीन दगडांसारखे. मधे चूल रिकामी.

राणी डावीकडे मारते, म्हणून पोरगी उजवीकडे धरते. तुफान खाली मारते, म्हणून ती वर धरते. म्हातारी उजवीकडे वर मारते, म्हणून ही डावीकडे खाली. हातात रायफल एकच, पण पाच छर्रे झाले की पोरीचा हात आपोआप पुढची बंदूक उचलत होता. रीत मोडत नव्हती बिचारी. त्या कार्डावर माझ्या तिन्ही बंदुका आरशात दिसाव्या तशा उभ्या होत्या. खाली सही तेवढी नव्हती माझी.

"काय दिसतंय तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"चूल," मी म्हणालो.

"रविवारी जिल्ह्याची निवड आहे. मुलींच्या दोन जागा. पुनमच्या हाताइतका स्थिर हात माझ्याकडे दुसरा नाही. पण शनिवारपर्यंत हे तीन झुबके एका जागी आले नाहीत, तर मला तिचं नाव काढावं लागेल. तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंत. म्हणून विचारते, हिला काय होतंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीला टेकून उभी असलेली पुनम खाली बघत म्हणाली, "रायफल सरळच आहे मॅडम. माणूसच वाकडा आहे."

मी तसाच उठलो.

तिथून मी तडक नासीरच्या वर्कशॉपवर गेलो. तो लेथवर मोटारीचा शाफ्ट घासत होता. मी सगळं सांगितलं. आधी तो इतका हसला की लेथ बंद करावी लागली. मग माझं तोंड बघून थांबला.

"नानाभाऊ, सांगून टाका पोरीला."

"काय सांगू? तुझा आजा अडतीस वर्षं लबाडी करतो म्हणून? तूच सांग. माशा तू वाकवल्या."

"वाकवल्या मी, पन वरडत कोन होतं? मी आजतक कोनाला वाकडा नाय म्हटलं."

मग मला एक युक्ती सुचली. आता ती युक्ती आठवली तरी हसू येतं. मी म्हणालो, "नासीर, न सांगता काम होईल. तिन्ही बंदुका सरळ कर. उद्या एकवीरेच्या यात्रेत स्टॉल लागायच्या आधी पोरगी बंदुका तपासेल. दोन दिवस सरळ बंदुका हाताळल्या की डोळा आपोआप सरळ होईल."

नासीरने कपाळाला हात लावला, पण पकड घेतली. छर्रा जिकडे पळतो, माशी तिकडेच सारायची, हा नियम. राणीची माशी डावीकडे आणली. तुफानचा पितळेचा कण उतरवला. म्हातारीला नवीन माशीच बसवावी लागली, जुनी पार झिजली होती. एकेक बंदूक शिकंज्यात धरून, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवर मारून बघितली. संध्याकाळपर्यंत तिघी सरळ झाल्या. सून म्हणून आणलेल्या पोरी अचानक पोलिसात भरती व्हाव्यात, तशा मला त्या परक्या वाटायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी धुळ्याला पांझरेच्या काठी स्टॉल लावला. नारळ फोडला. शेजारी तोताराम रसवंती लावतो. तोही आमच्याच गावचा. तीस वर्षांत ज्याने माझ्याकडून सात कप नेले असा तो एकटाच माणूस, आणि ते तो लोकांना रोज सांगतो. तो चरकाला तेल घालता घालता आमच्याकडे बघत होता.

पुनम कॉलेजला जायच्या आधी आली. रात्रीची झोप नाही, डोळे सुजलेले. तिने राणी उचलली, ओठ हलवले आणि पाच छर्रे मारले. एकही फुगा फुटला नाही. तिने तुफान उचलली. पाच छर्रे, फुगे जागच्या जागी. म्हातारी उचलली. पाच छर्रे. वाऱ्याने एक फुगा हलला, तेवढंच.

तोतारामने चरक थांबवला. "अरे नाना! तुनी नात बी वाकडी व्हई गई का काय?"

पुनमने म्हातारी उलटीसुलटी करून बघितली. मग राणी बघितली. माशीवर बोट फिरवलं.

"नाना," ती म्हणाली, "बंदुका वाकड्या व्हई गयात."

आता काय करणार? मी खाली बघून म्हणालो, "वाकड्या नही व्हयनात माय. सरळ व्हयनात."

रागावली की पुनम पुस्तकातलं मराठी बोलते. ती शांतपणे म्हणाली, "सरळ झाल्या म्हणजे? आधी कशा होत्या?"

भिकुबाई फुगे फुगवत होती, ती मधेच थांबली आणि हातातला फुगा फुर्र करून उडून गेला.

"मी सहा वर्षांची होते, नाना. त्या दिवसापासून रोज आरशासमोर उभी राहायचे. माझी मान वाकडी आहे का, खांदा वाकडा आहे का, बघायचे. काल मॅडमसमोरसुद्धा मी तेच म्हणाले. तुम्ही तिथेच होतात."

"व्हतू," मी म्हणालो.

याच वेळी कापडण्याचा एक शेतकरी, डोक्याला उपरणं, हातात गुळाची भेली, स्टॉलसमोर आला. भिकुबाईने सवयीने त्याच्या हातात राणी दिली. मी पुनमकडे बघत होतो, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. फट् फट् असे आवाज मात्र येत राहिले. ते थांबले तेव्हा फळीवर एकही फुगा नव्हता.

"बारा," तो शेतकरी म्हणाला. त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "नाना, त्ये अस्वल..."

"अस्वल गयं!" भिकुबाईने असा हंबरडा फोडला की यात्रेतले पोलीस वळून बघायला लागले. अकरा वर्षांचं अस्वल त्या माणसाच्या खांद्यावर बसून, आमच्याकडे बघत बघत गर्दीत निघून गेलं.

पुनमने दप्तर उचललं. "मी कॉलेजला जाते," ती म्हणाली, आणि मागे न बघता गेली.

भरल्या यात्रेत मी स्टॉल झाकला. तोताराम म्हणाला, "अरे, शुक्रवारना स्टॉल बंद करस?" मी तिन्ही बंदुका पोत्यात घातल्या आणि रिक्षाने क्लबवर गेलो.

मॅडम एकट्याच कार्डं कापत होत्या. मी पोतं जमिनीवर ठेवलं, गुरुवारचं ते कार्ड मागितलं आणि बोट ठेवत गेलो. "ही राणी. ही तुफान. ही म्हातारी. तिन्ही मी वाकड्या केल्या होत्या. पोरगी वाकडी नाही." मग एका दमात सगळं सांगून टाकलं, माशा, डाख, नारळ, पाच-पाच छर्रे. "तिचं नाव काढू नका. माझं काढा कुठे असेल तर."

मॅडमनी कात्री खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी सोनगीरला... मी वाकडी नव्हते?"

"नाही मॅडम."

"नाना, त्या यात्रेनंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. चष्म्याचा नंबर बदलून आणला. नवा चष्मा लावून महिनाभर जिन्यावरून पडायच्या बेतात होते. डॉक्टर सांगत होता, बाई तुमचे डोळे ठीक आहेत. मी म्हटलं, ठीक कसे, बारापैकी तीन फुगे फुटले!" आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ड्रॉवरमधून जुना चष्मा काढून लावला. "आता मला तुम्ही नीट दिसायला लागलात," त्या म्हणाल्या. यात टोमणा किती होता, ते मी मोजलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही पोरींना बोलावलं. मलाही बसवून ठेवलं, पण तोंड न उघडण्याच्या अटीवर. पुनम माझ्याशी बोलत नव्हती. बसमध्येही दोन सीट सोडून बसली होती.

मॅडमनी तिला विचारलं, "रायफल उचलताना मनात काय म्हणतेस?"

पुनम लाजली. "नाव घेते."

"या रायफलीचं नाव काय?"

"हिला नाव नाही. क्लबच्या रायफलीला फक्त नंबर आहे, दोन नंबर." ती थांबली. आता तिलाच काहीतरी उमगत होतं. "म्हणून मी... पाच झाले की पुढचं नाव आपोआप येतं."

"आणि नावाबरोबर हातही." मॅडम नौशीनकडे वळल्या. "तर मग हिचं नाव ठेवायला हवं. दोघींची रायफल आहे, दोघींनी ठरवा."

नौशीन म्हणाली बिजली. पुनम म्हणाली बिजली नको, तुफानसारखं वाटतं, हात वर जाईल. परी, मैना, तलवार, सगळी नावं झाली. पुनमला प्रत्येक नावात आपल्या घरचं कुणीतरी दिसत होतं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "थांबा. हिचं नाव सुनंदाबाई."

"सुनंदाबाई?" दोघी एकदम म्हणाल्या.

"माझ्या सासूबाई. एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्या कधी डावीकडे झाल्या नाहीत, उजवीकडे झाल्या नाहीत. जे बोलायचं ते सरळ कपाळाच्या मधोमध."

गोदामात हशा पिकला. मीही हसलो, मग अट आठवून तोंड मिटलं.

मॅडमनी चकत्या गरागरा फिरवून रायफल पार बिघडवून टाकली. मग ती पुनमच्या हातात दिली. "आता झिरो तू कर. मी हात लावणार नाही. नाव घे आणि पाच मार."

पुनमने रायफल खांद्याला लावली. ओठ हलले. पाच छर्रे. दोरी ओढली, कार्ड आलं. झुबका काळ्या गोलाच्या बाहेर, डावीकडे खाली. पण एकच. तिने चकत्या फिरवल्या, खट् खट् खट्. पुन्हा पाच. झुबका गोलात आला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा उचलली. इथे म्हातारीची पाळी होती.

दोरी ओढली. झुबका तिथेच होता, फक्त मधल्या ठिपक्याच्या अंगठाभर अलीकडे. खट् खट्. पुढचे पाच मारले आणि कार्डाच्या मधोमध एकच भोक पडलं. चुलीचे तीन दगड गेले आणि भाकरी तव्यावर पडली, असं मला झालं.

मग नौशीनने तीच रायफल उचलली. तिचे पाच छर्रे एका जागी गेले, पण उजवीकडे. तिला मधे आणायला बाजूची चकती सहा घरं मागे फिरवावी लागली.

"सुनंदाबाई माझ्याशी सरळ आहेत," नौशीन म्हणाली, "आणि पुनमशी सहा खट् वाकड्या."

"सासू अशीच असते," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्या डोळ्याला जशी मधे येईल, तीच त्याची सरळ. लिहून ठेवा आणि विसरू नका." त्यांनी रायफलीच्या दस्त्यावर चिकटपट्टी लावली. तिच्यावर दोघींची नावं आणि दोघींचे खट् लिहिले.

रविवारी निवड झाली. बाहेरगावचे पंच आले होते. नौशीनने आधी मारलं आणि ती सगळ्यांच्या पुढे गेली. नासीरने माझ्या पाठीत असा बुक्का मारला की मला खोकला आला. मग चिकटपट्टी वाचून चकती फिरवली गेली, आणि पुनम उभी राहिली.

चाळीस छर्रे. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. बोलायची मनाई, खूण करायची मनाई. दर पाच छर्र्यांनी ती रायफल खाली ठेवायची आणि मी डोळे मिटून घ्यायचो. मग उघडून तिचे ओठ बघायचो. सुनंदाबाई. पुन्हा खाली, पुन्हा वर. सुनंदाबाई. विसाव्या छर्र्यानंतर तिने रायफल उचलली, खांद्याला लावली आणि ओठ हललेच नाहीत. तिचा हात किंचित वर सरकताना मला स्पष्ट दिसला. तुफान आली होती.

पुनमने घोड्यावरचं बोट काढलं. रायफल खाली ठेवली. एक मोठा श्वास घेतला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की पंचाने मान वर केली: "सुनंदाबाई!"

मागच्या रांगेत रत्ना मॅडमनी पदर सावरल्यासारखं केलं, अंगात ट्रॅकसूट असूनही.

शिरपूरच्या मुलीपेक्षा पुनमला एकच गुण जास्त मिळाला. एक पुरतो. दुसरी जागा तिची.

सगळे पेढे खात असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

"नाना, एक अट शे."

"बोल."

"स्टॉलवर पाटी लावा. खरी. तुमच्या हातानी."

अक्षरं मला तिनेच शिकवली होती, ती पहिलीत असताना, तिच्याच पाटीवर. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. भिकुबाईने खडू आणून दिला. दोन दिवस मी विचार केला. बंदुका सरळ ठेवल्या तर धंदा चालत नाही, वाकड्या ठेवल्या तर पोरगी बोलत नाही. मग नासीरला तिन्ही माशा पुन्हा पहिल्यासारख्या करायला सांगितल्या आणि मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: "बंदुका वाकड्या आहेत. कोणती कुठे मारते ते तुम्ही शोधा." शोधाच्या शचं मोठं गाठोडं झालं होतं, पण वाचता येत होतं.

मला वाटलं, आता कोण येणार? पण त्या संध्याकाळी स्टॉलसमोर अशी रांग लागली की रसवंतीची रांग तिच्यात मिसळली. सरळ ठरायला येणारे थोडे होते हो. वाकडीला हरवायला अख्खं धुळं आलं. पोरं एकमेकांना ओरडून सांगत होती, "राणी डावीकडे! डावीकडे मारते!" पुनम छर्रे भरून देत होती आणि कुणालाही काही सांगत नव्हती.

तोताराम गर्दीतून वाट काढत आला. त्याने पाटी दोनदा वाचली. त्याचं तोंड उतरलं.

"नाना, म्हंजे गये तीस वर्सं बंदूक वाकडी व्हती?"

"व्हती भो."

"मंग मी जे सात कप जितनू, ते कसा?"

मी राणी त्याच्या हातात दिली. "तू बी वाकडाच शेस, तोताराम. मार."